मोबाईलला उंबरा नसतो

शांतव्वाचं कुणी म्हणता कुणी ऐकलं नाही. मोबाईलवरच्या तासाला पोरं पाच आहेत आणि भाकरी थापणारे हात सहा जणांचे ऐकू येतात, हे ती कानीकपाळी ओरडून सांगत होती. भाची म्हणाली, आवाज घुमतो. पोरं म्हणाली, अक्का, ऊन लागलंय तुम्हाला. कोपऱ्यावरच्या पोलिसानं तर कैरीचं पन्हं प्यायचा सल्ला दिला. पन्हं पिऊन कान बदलतात होय? जिनं तीस वर्षं भाकरीच्या आवाजावर खानावळ चालवली, तिच्या कानावर विश्वास ठेवायचा नाही, तर काय त्या मोबाईलच्या डबड्यावर ठेवायचा? पण नाहीच ठेवला कुणी. आता सगळे म्हणतात, आम्हाला आधीच शंका आली होती. खोटं आहे. कुणाला काही आली नव्हती.

जरा सरकून बसा, पहिल्यापासून सांगते.

राजारामपुरीत शांतव्वाची खानावळ. पाटीवर ‘अक्काची खानावळ’ एवढंच. शांतव्वा हे नाव फक्त रेशन कार्डावर. माहेर कुरुंदवाडचं, शाळा चौथीपर्यंत, तोंड मात्र पदवीधराला गप्प बसवील असं. नवरा लवकर गेला. सासू गंगव्वा, जिनं ही खानावळ काढली, ती जाऊनही अकरा वर्षं झाली, आणि तेव्हापासून तिला शांतव्वा म्हणून हाक मारणारं माणूसच उरलं नाही. भाची तिला आत्ती म्हणायची, धाकटा भाऊ आणि बाकी सगळी गल्ली अक्का. जेवायला येणाऱ्या पोरांना तर अक्काला दुसरं नाव असेल हे कधी सुचलंही नाही.

लॉकडाऊन लागला आणि चाळीस ताटं फडताळात पालथी पडली. ज्या हॉलमध्ये दुपारी पाय ठेवायला जागा नसायची, तिथं पंख्याचा आवाज मोठा वाटायला लागला. बाहेर रिक्षा नाही, क्लासची पोरं नाहीत, बसचा हॉर्न नाही. भर दुपारी लांब कुठंतरी कुणी बादली ठेवली, तर ती आपल्याच मोरीत ठेवल्यासारखी ऐकू यायची.

पण खरं सांगायचं, तर ते दिवस वाईट नव्हते. भाची विद्याश्री प्राथमिक शाळेत शिक्षिका, गाड्या बंद झाल्या म्हणून आत्याकडंच अडकलेली. लोणच्याच्या बरणीला मोबाईल टेकवून ती रोज सकाळी दुसरीचा वर्ग घ्यायची. शांतव्वा मागं मेथी निवडत बसायची. एक पोरगं तासाला आंघोळ करता करता यायचं. एकीनं ‘बाई, आमची म्हस व्यालीया’ म्हणून अख्ख्या वर्गाला गोठ्यात नेलं, आणि रेडकानं मोबाईल चाटला. शांतव्वा इतकी हसली, की मेथीच्या काड्या भाजीत आणि पानं केरात गेली. नवाचा पाढा तिनं चाळीस वर्षांनी पुन्हा पाठ केला. चार वाजता दोघी भडंग घेऊन बसायच्या आणि शेवटच्या शेंगदाण्यावरून भांडायच्या. एवढं निवांत भांडायला तिला आयुष्यात वेळ मिळाला नव्हता.

घोर एकच होता. अवंतिका.

अवंतिका वाशीमची. स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासाला आलेली, मागच्या गल्लीत तिसऱ्या मजल्यावर राहायची. खोलीतल्या मैत्रिणी शेवटच्या गाडीनं घरी गेल्या, ही राहिली. मग त्या गल्लीत एक पेशंट निघाला आणि दोन्ही तोंडांना पत्रे ठोकून गल्ली बंद झाली. डबा जायचा बंद झाला. त्याच संध्याकाळी तिच्या आईचा फोन आला. बाई रडत होती. “ताई, पोरगी तुमच्या भरवशावर आहे हो.”

“माझ्या पंगतीतलं माणूस आजपातूर उपाशी निजलं न्हाय,” शांतव्वा म्हणाली. “तुमी निवांत ऱ्हावा.”

शब्द तर दिला, पण पत्र्यापलीकडं भाकरी जाणार कशी? पत्र्याच्या फटीतून कार्यकर्ते जोंधळ्याचं पीठ आणि डाळ देऊन जात होते. पोरीला चहा सोडून काही येत नव्हतं.

“डबा जात न्हाय, तर आपून हात पाठवू,” शांतव्वा म्हणाली.

“हात कसं पाठवतीस आत्ती?”

“तू पाढं पाठवतीस की. तसंच.”

असा ‘अक्काचा तास’ सुरू झाला. रोज सकाळी अकरा वाजता. अवंतिकासाठी काढलेला, पण कुणकुण लागली तशी खानावळीतली जुनी गिऱ्हाइकं घुसली. साताऱ्याला घरी गेलेला बँकेतला उन्मेष, उचगावची क्रांती, शिवाय सौमित्र आणि वीरेश. पाच जणं. अवंतिका सोडली, तर सगळी आईच्या हातचं खाऊन कंटाळलेली आणि अक्काच्या शिव्यांना आसुसलेली.

त्या बारक्या चौकटीत शांतव्वाला काही दिसायचं नाही. “मला तुमची तोंडं बघायची न्हाईत,” तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं. “मोबाईल परातीजवळ ठेवा. मी ऐकती.”

आणि खरंच ती ऐकायची. डोळे मिटून, मान कलती करून.

“उन्मेष, पीठ सैल झालंय. चिखलात म्हस बसल्यागत आवाज येतोय.”

“अक्का, तुमाला कसं कळतंय ओ?”

“तुझ्या बँकेत नोटा मोजताना तुला खोटी कशी कळती? गप थाप. क्रांती, कडा फाटाय लागलीया. अवंतिका, अगं भाकरी हाय ती, गालावर पावडर लावालीस व्हय? जोर लाव!”

“लावतेय अक्का,” अवंतिका बिचारी म्हणायची. तिची भाकरी पहिले आठ दिवस महाराष्ट्राच्या नकाशासारखीच झाली. पण पोटात जात होती. शांतव्वाला तेवढं पुरे होतं.

आता मूळ गोष्ट. गंगव्वाचा एक नियम होता. पहिली भाकरी तव्यावरून उतरली, की ताटं वाढायच्या आधी दारात जायचं. उंबऱ्याच्या आत उभं राहायचं, तोंड गल्लीकडं करायचं आणि मोठ्यानं तीनदा म्हणायचं, “उपाशी कोण हाय का? या!” येईल त्याला उंबऱ्याबाहेर पायरीवर बसवायचं, तिथंच वाढायचं. जेवण झालं की विचारायचं, “पोट भरलं का?” त्यानं ‘भरलं’ म्हटलं, की तो मोकळा, आपण मोकळे. त्याचं नाव विचारायचं नाही. आपलं सांगायचं नाही.

“का न्हाय इचारायचं?” नवी नवरी असताना शांतव्वानं विचारलं होतं.

“येणारं समदं माणूसच असतंय असं न्हाय,” गंगव्वा पीठ चाळत म्हणाली होती. “त्यो उंबऱ्याभाईर, आपून आत. मग कोण का असंना.”

तीस वर्षांत शांतव्वानं हा नियम एक दिवस मोडला नव्हता. पण लॉकडाऊनमध्ये दारात उभी राहून ओरडली, की पोलिसांच्या गाडीवरचा भोंगा तिच्यावरच ओरडायचा. हाक तोंडात राहिली, की तिला दिवसभर चूळ न भरल्यासारखं वाटायचं. म्हणून तासाच्या पहिल्या दिवशी पहिली भाकरी उतरली, तेव्हा तिनं दाराऐवजी मोबाईलकडं तोंड केलं आणि नेहमीच्या खणखणीत आवाजात हाक मारली.

“उपाशी कोण हाय का? या!”

पाचही पोरं खदाखदा हसली. “मी हाय अक्का, मी!” उन्मेष ओरडला. तिला इतकं बरं वाटलं, की रोजचंच झालं. तीन हाका, पाच ‘मी हाय’, आणि मग थापाथापी.

चौथ्या दिवशी पाच ‘मी हाय’ झाले आणि मागून एक हलका, जरा बसलेला आवाज आला.

“आले…”

शांतव्वाला वाटलं, कुणाची आई असेल.

मग हात सुरू झाले. उन्मेषचा चिखल, क्रांतीची घाई, अवंतिकाची पावडर. आणि त्या सगळ्यांच्या खाली, संथ, मापात, एक वेगळाच हात. दोन थापा, एक फिरकी, आणि परातीच्या कडेला धातूचं काहीतरी लागावं तसा बारीक आवाज. थप… थप… सर्र… टक.

शांतव्वाच्या अंगावर काटा आला, पण भीतीचा नाही हं. गाणाऱ्याला दुसऱ्या गळ्यातला सच्चा सूर ऐकून येतो, तसा.

“ही कोण थापतीया गं? झ्याक! असं पाहिजे.”

पाचही जणं थांबली. तो हात थांबला नाही.

“मी न्हवं.”

“मी पण न्हाय अक्का.”

“विद्या, बघ जरा. सहावं कोण हाय?”

विद्याश्रीनं मोबाईल जवळ घेतला. “पाचच हायत आत्ती. ज्याचा आवाज येतो, त्याच्या चौकटीला हिरवी कड येती. ही बघ, कुणालाच न्हाय आलेली. आवाज घुमालाय.”

“घुमणारा आवाज पुढं जाऊन थापतोय व्हय?”

“आत्ती, भडंग करू का चारला? कांदा बारीक चिरून?”

लहान पोराला खुळखुळा दाखवावा, तसं भडंग दाखवलं तिला. शांतव्वानं मान फिरवली. भडंग मात्र खाल्लं.

पुढच्या दिवसांत ती हिरवी कड फिरायला लागली. कधी क्रांतीच्या चौकटीला, कधी उन्मेषच्या. ज्या दिवशी जिथं तो हात ऐकू यायचा, त्या दिवशी तिथली एक भाकरी कमी भरायची.

“आमच्यात पाच केल्या, दुरडीत चार,” क्रांती म्हणाली. “आई म्हणती मीच खाल्ली. मी न्हाय खाल्ली!”

“आमच्यात मांजरानं नेली,” उन्मेष म्हणाला.

“मांजार कोरडी भाकरी खातंय?”

“आमच्या आण्णांचं नाव घ्या,” वीरेश म्हणाला. आण्णा म्हणजे त्याचे आजोबा. “दात न्हाईत, पण हात हायत की.”

घरोघर कुणा ना कुणाचं नाव घेतलं जायचं आणि तासाला त्यावर हसून हसून पोटं दुखायची. शांतव्वाही हसायची. पण हात धुताना तिच्या मनात यायचं, गंगव्वानं सांगितलं होतं, तो उंबऱ्याबाहेर आणि आपण आत. मोबाईलला उंबरा कुठं असतोय?

मग एका सोमवारी अवंतिका बोलली नाही.

चौकट होती. चौकटीत फक्त छत आणि बंद पंखा. ‘मी हाय’ चार आले. शांतव्वानं हाक मारली, “अवंतिका, तोंड दाव.” उत्तर नाही. पण पीठ मळल्याचा आवाज आला, आणि मग थप… थप… सर्र… टक. अवंतिकाच्या चौकटीला हिरवी कड.

“बघ आत्ती!” विद्याश्री खूश झाली. “शिकली की पोरगी.”

“हा अवंतिकाचा हात न्हवं.”

“अक्का, तुमचंच शिकवणं तुमाला पटंना झालंय,” उन्मेष म्हणाला.

मंगळवारी तेच. छत, पंखा, आणि तो हात. अवंतिकाचा फोन लागायचा, उचलला जायचा नाही. विद्याश्री म्हणाली, अभ्यासात असेल, रुसली असेल, तू परवा तिला पावडर म्हणालीस. वाशीमहून आईचा फोन आला, “ताई, पोरगी फोन घेत नाही.” काय सांगणार? तुमच्या पोरीच्या स्वयंपाकघरात दुसरंच कोणीतरी भाकरी थापतंय, हे?

बुधवारी तास सुरू झाला. तीन हाका झाल्या नाहीत, तिनं मारल्याच नाहीत. तरी हात सुरू झाला. शांतव्वानं डोळे मिटले. आज त्या आवाजात आणखी काहीतरी होतं. हाताच्याही मागं, लांब, कुणीतरी कण्हत होतं.

तिनं तवा उतरवला, तोंडावर दोन मास्क आणि वर पदर बांधला, डब्यात ताक आणि मऊ भात घेतला आणि चप्पल घातली.

“आत्ती, भाईर पोलीस हायत!”

“असू देत. तू तास बंद करू नको. चालू ठेव ते डबडं.”

पत्र्यापाशी उदयसिंह होता. तोच तो, पन्हं सांगणारा.

“अक्का, मागं फिरा. गल्ली सील हाय.”

“माझी पोरगी आत हाय.”

“अवो, आशाताई रोज खालनं हाक मारून जात्यात. वहीत लिवलंय, तिसरा मजला, बरी हाय.”

“कुणी सांगितलं बरी हाय म्हणून?”

“तिनंच की. वरनं आवाज देती. घसा जरा बसलाय म्हणं.”

शांतव्वानं डबा पोटाशी धरला. “उदयसिंह,” ती हळू म्हणाली, “सहा वर्सं माझ्यात जेवलास. मी कधी शिळं वाढलं?”

“न्हाय अक्का.”

“मग आज माझं ऐक. चल.”

का कुणास ठाऊक, त्यानं वाटेत आडवा लावलेला बांबू उचलला.

भर अकरा-साडेअकराची वेळ. ऊन असं, की रस्त्याचं डांबर चपलेला चिकटत होतं. दोन्ही बाजूंच्या खिडक्या बंद. अख्ख्या गल्लीत भाजलेल्या जोंधळ्याचा वास भरून राहिला होता, ताज्या भाकरीचा, भूक लागावी असा. जिन्यात तो वाढत गेला. तिसऱ्या मजल्यावर दारापाशी दोघं थांबली.

थप… थप… सर्र… टक.

उदयसिंह हसला. “ऐकलासा? चांगली थापतीया की पोरगी. उगंच घाबरलासा.”

शांतव्वानं दारावर हात मारला. आतला आवाज थांबला. कुणी आलं नाही. पाऊल नाही, भांडं नाही, काही नाही. दाराला आतून कडी होती. ती परत मारत राहिली, आणि मग आतून, खूप आतून, बारीक कण्हणं आलं. उदयसिंहचं हसू गेलं. त्यानं टोपी काढून शांतव्वाच्या हातात दिली आणि खांदा लावला.

अवंतिका बाहेरच्या खोलीत गादीवर पडली होती. अंग तव्यासारखं तापलेलं, ओठ फुटलेले, डोळे अर्धे मिटलेले. उशाला एक ताटली, ताटलीत दुधात कुस्करलेली भाकरी, अर्धी संपलेली. शांतव्वा खाली बसली आणि तिनं पोरीच्या कपाळावर हात ठेवला.

अवंतिकानं डोळे उघडले. “अक्का…” ती म्हणाली. “आज तुमचे हात गरम आहेत.”

“काय म्हणालीस?”

“रोज भरवता ना… रोज किती गार असतात. मला उठताच येईना हो. रविवारपासून.”

उदयसिंह भिंतीला टेकला. शांतव्वा उठली आणि स्वयंपाकघरात गेली. आत कुणी नव्हतं. एकच खिडकी, तिला गज. पिठाचा डबा रिकामा, पुसून ठेवल्यासारखा स्वच्छ. परातीत एक भाकरी अर्धी थापलेली, कंपासनं आखल्यासारखी गोल, पीठ अजून ओलं. तिनं तव्याला बोट लावलं आणि चटका बसून झटकन मागं घेतलं. शेगडीचं बटण फिरवलं. फुस्स नाही, काही नाही. तिनं सिलेंडर एका हातानं हलवून बघितला. हलका फूल. पार संपलेला.

परातीशेजारी मोबाईल चार्जिंगला लावून उताणा ठेवलेला होता. त्यात चार चौकटी आणि विद्याश्री, सगळी डोळे फाडून तिच्याकडं बघत होती.

“अक्का? तुमी तिथं?” उन्मेष म्हणाला.

“हात बाजूला घ्या सगळ्यांनी,” शांतव्वा म्हणाली. “पिठातनं भाईर. मला दावा.”

चार जोड्या हात वर झाले. पिठानं माखलेले.

आता शांतव्वा घाबरली नव्हती असं नाही. पण शब्द दिलेला होता, पोरगी जिवंत होती, आणि ती कुणामुळं जिवंत होती तेही समोर दिसत होतं. आलेल्याला न विचारता घालवणं तिला माहीत नव्हतं. तिनं पदर सारखा केला आणि जे पायरीवर विचारायचं, ते मोबाईलला विचारलं.

“बाई, पोट भरलं का?”

मग आवाज आला. बसलेला, हलका, अगदी कानाशी. चारही घरांत ऐकू गेला, विद्याश्रीला ऐकू गेला, दारातल्या उदयसिंहला ऐकू गेला.

“न्हाय… अजून न्हाय.”

उन्मेष साताऱ्यात खुर्चीवरून पडला. तो पडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. क्रांतीनं मोबाईल पिठात फेकला. त्या दिवसापासून सगळ्यांचा शांतव्वाच्या कानांवर पूर्ण विश्वास बसला, हे सांगायलाच नको.

गाडी आली, अवंतिकाला दवाखान्यात नेलं. कोरोना नव्हता, टायफॉइड होता. डॉक्टर म्हणाले, पोटात काहीतरी जात होतं म्हणून तग धरला, नाहीतर अवघड होतं. वाशीमच्या आईनं फोनवर शांतव्वाचे पाय धरले. “तुम्ही भरवलंत म्हणून वाचली माझी लेक.” शांतव्वानं नाही म्हटलं नाही आणि हो म्हटलं नाही. भावाला सांगून कुरुंदवाडचे पाच किलो नवे जोंधळे तेवढे मागवले.

अवंतिका बरी होऊन खानावळीतच राहायला आली, माळ्यावरच्या खोलीत. आता चार वाजता भडंगाला तिघी आणि शेंगदाण्यावरून भांडण तिरंगी. तास पुन्हा सुरू झाला, कारण पोरांना भीतीपेक्षा अक्काची सवय जास्त होती. पण भाकऱ्या कमी भरतच राहिल्या. कधी उचगावला, कधी साताऱ्याला.

“तिला मोकळं केल्याबिगार जायची न्हाय ती,” शांतव्वा म्हणाली. “चूक माझी हाय. हाक उंबऱ्यावरनं मारायची असती. आता निरोपबी उंबऱ्यावरनंच द्यायचा.”

एका रविवारी सकाळी तिनं तास चालू असलेला मोबाईल पाटावर ठेवला आणि पाट खानावळीच्या पायरीवर, उंबऱ्याबाहेर. समोर केळीचं पान. त्यावर नऊ भाकऱ्या, झुणका, ठेचा, दह्याची वाटी, वर तुपाची धार. स्वतः उंबऱ्याच्या आत उभी राहिली. गल्लीतले लोक खिडकीतून बघत होते, अक्का मोबाईलला जेवायला वाढतीय म्हणून. उदयसिंहनं त्यांना हातानंच गप्प केलं.

“उपाशी कोण हाय का? या!” तीनदा.

वाट बघितली. पानावर काही हललं नाही. एक कावळासुद्धा आला नाही. बऱ्याच वेळानं शांतव्वानं विचारलं, “पोट भरलं का, बाई?”

काहीच नाही. चौकटीतून चार तोंडं बघत राहिली.

“गेली बघा,” उदयसिंह म्हणाला. “समाधान झालं.”

पोरांनी टाळ्या वाजवल्या. त्या दिवशी कुणाच्या घरातली भाकरी कमी भरली नाही. क्रांतीनं तीनदा मोजल्या. शांतव्वानं पान गाईला घातलं, पाट धुतला, मोबाईलवरचं पीठ पदरानं पुसलं आणि तो तसाच चालू घेऊन उंबरा ओलांडून आत आली.

पुढच्या रविवारी तासाला भाकरी नव्हतीच. नुसत्या गप्पा. लॉकडाऊन उठायला आला होता, उन्मेषची बँक त्याला परत बोलावत होती, पंगतीत पहिला कोण बसणार यावरून दंगा चालला होता. शांतव्वा हॉलमध्ये मोबाईलसमोर बसलेली. तिच्या एका बाजूला विद्याश्री, भडंगाची पाटी मांडीवर घेऊन. दुसऱ्या बाजूला अवंतिका, कांदा चिरत. मागं स्वयंपाकघराचं दार.

“आई अजून माझंच नाव घेती,” क्रांती म्हणाली. “समद्या भाकऱ्या मीच खाल्ल्या म्हणं.”

“आमच्यात अजून मांजराचं,” उन्मेष म्हणाला. “पण काय ओ अक्का, खरं सांगा, हे सगळं कुणापायी झालं? हिला बोलावली कुणी?”

सगळी हसली. शांतव्वाही हसली आणि कुणाचं नाव घ्यावं म्हणून तोंड उघडलं, तेवढ्यात अवंतिकाची सुरी थांबली.

आत, स्वयंपाकघरात, कुणीतरी परात ओढली.

थप… थप… सर्र… टक.

विद्याश्रीनं मोबाईलकडं बघितलं. चारही चौकटींना कड नव्हती. हिरवी कड शांतव्वाच्याच चौकटीला आली होती. साताऱ्यातून, उचगावातून सगळे तिच्या खांद्यावरून मागं, त्या दाराकडं बघत होते.

हात थांबला. मग तो बसलेला आवाज आला, पोट भरलेल्या माणसासारखा, हसरा. अकरा वर्षांत ज्या नावानं तिला कुणी हाक मारली नव्हती आणि जे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं, तेच नाव त्यानं घेतलं.

“शांतव्वानं.”